त्याला जिना उतरवणार कोण?

रात्री साडेबाराला इन्स्टावर स्क्रोल करताना तुमच्यासमोर एक रील येतं. मागचे दोन्ही पाय निकामी झालेला देशी कुत्रा, कमरेला दोन चाकांची छोटी गाडी बांधलेली, आणि गडी कान मागे पाडून सुसाट धावतोय. खाली लिहिलेलं असतं, ‘घर हवंय’. तुम्ही हार्ट टाकता, मैत्रिणीला पाठवता. तिचा लगेच मेसेज, ‘घेऊ या ना!’

घ्यायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी एक साधा प्रश्न. त्याला जिना उतरवणार कोण?

समजा, तुमचं घर गिरगावात, खोताच्या वाडीत आहे. दादोबा वामन खोतांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी. अरुंद गल्ल्या, रंगीत व्हरांडे आणि अनेक घरांना बाहेरून चढणारा लाकडी जिना. फोटो काढायला लोक लांबून येतात. पण पंधरा-वीस किलोचा, मागून लुळा कुत्रा उचलून तोच जिना दिवसातून चार वेळा उतरायचा म्हटलं, की तो वेगळाच दिसायला लागतो. पावसात फळ्या निसरड्या झाल्यावर तर विचारूच नका. पोटाखालून जुना पंचा घालून मागचा भाग उचलून धरता येतो, पण ते सपाटीवर. जिन्यावर त्याला कडेवर घ्यावंच लागतं.

वाडीची एक बाजू त्याच्या सोयीचीही आहे. गल्ल्या एवढ्या लहान, की मोठ्या गाड्यांची वर्दळ नाही. मागून एखादी स्कूटर येतेय का तेवढं बघायचं. गाडीला बांधलेला कुत्रा इथे आरामात फिरू शकतो. तळमजल्यावर राहणारं कुणी असेल, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

आता रीलमध्ये न दिसणारा दिवस बघू.

रस्त्यावरच्या कुत्र्याचे पाय जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गाडीची धडक. पाठीच्या कण्याला जबर मार बसला, की मेंदूकडून मागच्या पायांकडे जाणारा निरोप तुटतो. डॉक्टर पायाच्या बोटाला जोरात चिमटा लावून बघतात. कुत्रा वळून बघतो, कळवळतो, म्हणजे दुखल्याचं त्याला कळतंय. अशा कुत्र्याला पुन्हा चालता येण्याची आशा बरीच जास्त असते. नुसता पाय आखडला तर ती फक्त प्रतिक्षिप्त क्रिया. घरी आणण्याआधी ही तपासणी आणि एक्स-रे झालाय का, हे विचारून घ्या.

तुटलेला निरोप फक्त पायांचा नसतो. अशा बऱ्याच कुत्र्यांना स्वतःहून लघवी करता येत नाही. मग दिवसातून तीन-चार वेळा पोटाच्या मागच्या भागावर दोन्ही हातांनी हळूहळू दाब देऊन मूत्राशय रिकामं करावं लागतं. यूट्यूबवर बघून हे करायचं नाही हं. डॉक्टरांसमोर, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिकायचं. चुकीचा दाब पडला तर आत इजा होऊ शकते. आणि घरात ठिकठिकाणी थेंब दिसतायत म्हणजे त्याला लघवी होतेय, असंही समजू नका. मूत्राशय तुडुंब भरलं की वरचं तेवढं गळतं. लघवी साचून राहिली की जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. लघवीला नेहमीपेक्षा उग्र वास आला, ती गढूळ दिसली किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसरं काम कातडीचं. एकाच कुशीवर पडून राहिला की कमरेच्या हाडावर जखम होते. म्हणून जाड गादी, वर जुनी गोधडी, आणि चार-चार तासांनी कूस बदलणं. डायपर लावला तर तो ओला राहू द्यायचा नाही. पाय फरशीवर घासून बोटं सोलवटतात, आणि त्याला दुखत नसल्याने तो सांगतही नाही. रोज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून कंबर, कोपर, बोटं, नखं बघायची. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे चुकवूच नका. ओल्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात.

ती रीलमधली गाडी? छान आहे, पण ती फिरण्यापुरती. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, मग हळूहळू वाढवत. गाडीत असताना त्याला नीट बसता-झोपता येत नाही, पट्टे काचतात. दिवसभर बांधून ठेवली तर तिचीच जखम होते. वजनही आटोक्यात हवं, कारण सगळा भार आता पुढच्या दोन पायांवर असतो. आणि दुखतंय असं वाटलं तर घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल देऊ नका. माणसांच्या या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

सण आले की आणखी एक गोष्ट. फटाके वाजले की बाकीचे कुत्रे पलंगाखाली पळतात. याला पळता येत नाही. त्याला आधीच आतल्या खोलीत न्यावं लागतं, कुणीतरी जवळ बसावं लागतं. गिरगावात दहीहंडीपासून पाडव्यापर्यंत अशा किती रात्री येतात, ते तुम्हीच मोजा.

उपचारांच्या बाबतीत मात्र आपण मुंबईकर नशीबवान. परळचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ तुमच्या आजोबांनाही ठाऊक असेल. खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर अॅनिमल्स. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली, त्याच वर्षी बॉम्बे एसपीसीए ही प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणारी संस्था उभी राहिली, आणि पुढच्या दशकात हे रुग्णालय. तेव्हा बैल-घोडा बरा झाला की पुन्हा गाडीला जुंपला जाई. आज तिथे कुत्र्या-मांजरांची रांग असते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांकडून कुणाला कसलंच काम करून घ्यायचं नसतं. शहर एवढं तरी पुढे आलंय. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल अॅनिमल हॉस्पिटलही सुरू झालं. पण तिथवर टॅक्सीने जाणं-येणं, तपासण्या, औषधं, डायपर हे दर महिन्याचं असतं. पॉकेटमनीत बसणारं नाही. घरच्यांशी पैशांचं बोलणं आधीच करा.

घरच्यांशी बोलताना वर्षांचंही बोला. तरुण देशी कुत्रा नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं सहज जगतो. आज तुम्ही सेकंड इयरला असाल, तर त्याच्या आयुष्यात तुमची पहिली नोकरी, कदाचित पुण्या-बेंगळुरूची बदली, कदाचित लग्नही येईल. तेव्हा रात्री साडेअकराला मूत्राशय कोण दाबणार? ‘आई बघेल’ हे उत्तर आईला विचारून दिलेलं असावं. आणि एकदा घेतल्यावर झेपलं नाही म्हणून रस्त्यावर सोडणं हा पर्याय नाही. प्राण्याला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. लुळा कुत्रा तर कचऱ्याच्या पेटीपर्यंतही पोचू शकत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न येतोच. सोसायटी ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. पण परिपत्रक नाकासमोर धरण्याआधी जिना धुऊन ठेवा, रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना वेळेवर करा. उद्या तुम्ही लोकलमध्ये अडकलात, तर त्याला बाहेर काढायला खालच्या काकूच लागणार आहेत.

एक कटू गोष्टही. काही कुत्र्यांचं दुखणं वाढत जातं. तो खायचं सोडतो, तुम्ही आलात तरी मान उचलत नाही, जखमा भरत नाहीत. तेव्हा त्याला किती ताणायचं, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं लागतं.

हे वाचून घाबरला असाल तर हरकत नाही. नाही म्हणणं हेही प्रामाणिक उत्तर आहे, आणि त्यानंतरही करण्यासारखं पुष्कळ उरतं. ज्यांनी असा कुत्रा घेतलाय त्यांना रविवारचे दोन तास द्या. दवाखान्यात नेताना गाडीत सोबत बसा. वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ससारख्या संस्था जखमी कुत्र्यांवर ते राहतात त्या रस्त्यावरच उपचार करतात, त्यांना विचारा काय हवंय.

आणि तरीही घ्यायचाच असेल, तर एक कागद घ्या. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री साडेअकरा. सोमवार ते रविवार. प्रत्येक चौकटीत एक नाव, त्या माणसाला विचारून लिहिलेलं. परीक्षेचा आठवडा आणि गावी जायचे दिवस वेगळे मांडा. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चौकटी भरल्या, तर त्या रीलखालच्या नंबरवर खुशाल फोन करा.