खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे बारा आठवडे

खांद्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी परततो. आरंभी वेदना असते, म्हणून हात झोळीत (स्लिंगमध्ये) जपला जातो आणि घरातील मंडळीही तत्पर असतात. कसोटी लागते ती तीन-चार आठवड्यांनंतर. दुखणे उतरते, उत्साह वाढतो आणि एखाद्या सकाळी सहजच पाण्याची बादली उचलली जाते.

खांदा फिरविणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांना ‘रोटेटर कफ’ म्हणतात. फाटलेली कंडरा शल्यविशारद टाक्यांनी हाडाशी बांधतात. परंतु ती हाडाशी एकजीव होण्यास साधारणतः बारा आठवडे लागतात. वेदना त्याच्या पुष्कळ आधी शमते. या मधल्या काळात पडलेल्या भारामुळे कंडरा पुन्हा फाटू शकते. म्हणून झोळी केव्हा काढावी, हे वेदनेवरून नव्हे, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून ठरवावे.

सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे त्या वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यास ते मुकले. सप्टेंबरमध्ये क्वालालंपूर येथे वेस्ट इंडीजविरुद्धच त्यांनी नाबाद १४१ धावा केल्या. उत्तम शरीरयष्टीच्या खेळाडूलाही जिथे काही महिने थांबावे लागले, तिथे गृहस्थाने घाई करण्याचे कारण नाही.

झोपताना पाठीशी उशा रचून अर्धवट बसल्यासारखे टेकावे आणि कोपराखाली छोटी उशी ठेवावी. सदरा घालताना शस्त्रक्रियेचा हात प्रथम बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. पुढून उघडणारे सैल कपडे सोयीचे. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटेच ठेवावा. बोटे, मनगट व कोपर यांची हालचाल सांगितल्याप्रमाणे दिवसातून अनेकदा करावी; खांद्याचे व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टने शिकविल्याखेरीज करू नयेत.

नागपूरच्या उन्हाळ्यात झोळीतील काखेत घाम साचून त्वचा सोलवटते. डॉक्टरांची अनुमती असल्यास कमरेतून पुढे वाकावे, हात सैल लोंबू द्यावा आणि काख हलकेच पुसून कोरडी करावी. जखमेची पट्टी भिजू देऊ नये.

जैन घरांत आणखी काही गोष्टींचे भान हवे. भोजनास किंवा सामायिकास जमिनीवर बसल्यावर उठताना मनुष्य नकळत तळहाताचा टेका घेतो आणि सारा भार खांद्यावर येतो. हे काही आठवडे खुर्चीचा उपयोग करावा. अभिषेकाचा कलशही दुसऱ्याने उचलावा. चौविहार पाळणाऱ्यांसाठी औषधाची वेळ हा विचाराचा विषय आहे. नागपुरात डिसेंबरच्या आरंभी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हापासून सकाळपर्यंतचे अंतर मोठे असते, आणि काही वेदनाशामके उपाशीपोटी घेतल्यास जठरास अपाय होतो. आपला नियम शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगितला, तर गोळ्यांच्या वेळा त्यानुसार बसविता येतील का, हे ते पाहू शकतात. न विचारता गोळी वगळणे किंवा उपवास धरणे टाळावे. जखम भरून येण्यास प्रथिने लागतात. मूग, इतर डाळी, दूध, पनीर यांतून ती मिळतात. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी. तंबाखूने कंडरा जुळण्यास विलंब होतो.

ताप, जखमेतून पू, वाढती लाली, बोटे निळसर होणे, किंवा भुलीचा प्रभाव ओसरण्याच्या अपेक्षित वेळेनंतरही टिकलेली बधिरता दिसल्यास त्वरित डॉक्टरांशी संपर्क साधावा. पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

घरच्यांनी रुग्णाला पांगळे करू नये; दुसऱ्या हाताने जेवणे, चालणे, वाचणे त्याला करू द्यावे. मात्र बादली, दुचाकी आणि उंच फळीवरचा डबा यांपासून त्याला दूर ठेवावे, आणि दुखणे थांबल्यावर तर अधिकच आग्रहाने ठेवावे.