विषाणूंच्या प्रयोगशाळेत झाडू कोणाच्या हातात?

तळवडे, निगडी, चाकण भागातल्या आपल्या कितीतरी भगिनी ठेकेदारामार्फत हाऊसकीपिंगला जातात. कोणी कंपनीत, कोणी दवाखान्यात, कोणी लॅबमध्ये. घातक फ्लूच्या विषाणूंवरील संशोधनाची सुरक्षितता हा विषय शास्त्रज्ञांचा वाटतो. पण तो या भगिनींच्या हातातल्या झाडूपर्यंत येतो, म्हणून तो आम्ही या पानावर घेतला आहे.

अशा विषाणूंचे काम आपल्या जवळच चालते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) 1952 पासून आहे. 2006 मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू पसरला तेव्हा माणसांचे नमुने तिथेच तपासले गेले. 2021 मध्ये हरियाणातील अकरा वर्षांचा मुलगा बर्ड फ्लूने गेला, देशातला माणसाचा पहिला बळी; त्याचे निदानही पुण्यातच पक्के झाले. अशा प्रयोगशाळा हव्यातच. 2009 चा स्वाइन फ्लू ज्यांनी पुण्यात पाहिला, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही.

या संस्थेची पाषाणची चौथ्या, म्हणजे सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा डिसेंबर 2012 मध्ये सुरू झाली. बर्ड फ्लूच्या जिवंत विषाणूचे काम किमान तिसऱ्या पातळीवर, तेही वाढीव खबरदारीने करायचे असते. तिथे हवा बाहेरून आत ओढली जाते आणि बाहेर सोडताना बारीक गाळणीतून जाते. कचरा ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक झाल्याशिवाय बाहेर पडत नाही.

यंत्रे असतात, तरी चूक होते. 2014 मध्ये अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रातून सौम्य फ्लूचा म्हणून पाठवलेल्या नमुन्यात बर्ड फ्लूचा घातक विषाणू मिसळलेला निघाला. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या मेल्या तेव्हा ते कळले. सुदैवाने माणसाला लागण झाली नाही. पण वरिष्ठांपर्यंत बातमी पोचायला सुमारे सहा आठवडे लागले. आम्हाला चुकीपेक्षा हे सहा आठवडे जास्त भयंकर वाटतात. जिथे बोलले की नोकरी जाते, तिथे किती लागतील?

त्याआधी नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बर्ड फ्लूचा विषाणू फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांत हवेतून पसरेल असा बदलून दाखवला होता. जगभर ओरड झाली आणि 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी स्वतःहून असे प्रयोग वर्षभर थांबवले. आपल्याकडे पर्यावरण कायद्याखालच्या 1989 च्या नियमांनुसार संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. तिच्यात शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि सरकारने नेमलेला बाहेरचा सदस्य असतो. सफाई कामगारासाठी खुर्ची नाही. ती असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नियम कागदावर राहिले की काय होते, हे तळवड्याला वेगळे सांगायला नको. 8 डिसेंबर 2023 ला वाढदिवसाच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याच्या आगीत त्याच दिवशी सहा जणी गेल्या, पुढे आकडा वाढला.

म्हणून लॅबमध्ये काम करणाऱ्या ताई-मावशींनी जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम माहीत करून घ्यावेत. जंतूंच्या तपासणीचा कचरा लॅबने जागेवरच निर्जंतुक करून मग पिवळ्या पिशवीत द्यायचा असतो. ‘ऑटोक्लेव्ह बंद आहे, तशीच ने’ म्हटले तर पिशवी उचलू नका. कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना व नंतर दरवर्षी आरोग्य तपासणी, हे कचरा हाताळणाऱ्या ठेक्यावरच्या कामगारालाही लागू आहे. फ्लूच्या नमुन्याशी संबंध आल्यावर दहा दिवसांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना आधी आपण कुठे काम करतो ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.