मोहफुलं, मुंग्यांची चटणी आणि यूट्यूबची कमाई

मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोलीत पहाटेच मोहफुलं वेचायला माणसं रानात जातात. टवटवीत पांढुरकी फुलं उन्हात वाळली की मनुकांसारखी तपकिरी, सुरकुतलेली होतात. पाणी उडून जातं, साखर उरते. भामरागडकडे लाल मुंग्यांची चटणी वाटतात. तिचा आंबटपणा मुंग्यांच्या फॉर्मिक आम्लाचा. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

कॅमेऱ्याला असा ऐवज कुठे मिळणार? पण त्यावर घर चालेल का?

यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा हवा, तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं प्रेक्षण लागतं. मग मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरात-उत्पन्नातला ५५ टक्के वाटा निर्मात्याचा. २०१२ पासून यूट्यूब नुसत्या क्लिकपेक्षा लोक किती वेळ थांबले याला जास्त वजन देतं. म्हणून फुलं वेचण्यापासून लाडू वळेपर्यंतची गोष्ट सांगणारा व्हिडिओ नुसत्या कृतीपेक्षा सरस ठरू शकतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीनं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल चालवलं आणि घरगुती चवीवर लाखोंचा प्रेक्षकवर्ग जोडला. २०२० मध्ये त्यांचं चॅनेल हॅक झालं, नंतर परत मिळालं. सगळी कमाई एकाच खात्यावर टांगलेली असणं किती धोक्याचं, हे त्यातून दिसलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या नव्या निर्मात्यांनी व्हिडिओसोबत वाळलेली मोहफुलं, लाडू, लोणचंही विकायला ठेवावं.