दोन टोके संगणकावर, मधले काम वहीत
बांधकामाचा हिशेब : लेखांक पाचवा

निविदा निघेपर्यंतची वाट गेल्या लेखांकात पाहिली. आता काम सुरू झाल्यानंतरची पाहू. अवसरी बुद्रुकसारख्या आंबेगाव तालुक्यातल्या मोठ्या गावात वस्तीपर्यंतचा काँक्रीट रस्ता किंवा बंदिस्त गटार करायचे ठरले, की त्या कामाचा पहिला आणि शेवटचा व्यवहार आज संगणकावर होतो. काम ठरावीक रकमेपुढचे असेल तर निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर निघते. ठेकेदार डिजिटल सहीने दर भरतो आणि लिफाफेही तिथेच उघडतात. वित्त आयोगाच्या निधीतले पैसे ई-ग्रामस्वराज या २०२० साली सुरू झालेल्या प्रणालीतून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे कालपरवापर्यंतचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सहीने थेट ठेकेदाराच्या खात्यात जातात. मधे मात्र खडी किती पडली, काँक्रीटची जाडी किती भरली, गटाराची खोदाई मुरमात झाली की खडकात, हे शाखा अभियंता मोजमाप पुस्तकात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एमबी’त लिहितो, आणि ती बऱ्याच ठिकाणी अजूनही हातानेच लिहिली जाते. बांधकाम व्यवसायात इलेक्ट्रॉनिक व्यवहार का रुजत नाहीत, याचे उत्तर माझ्या मते या मधल्या वहीत आहे.

नेहमी दिले जाणारे उत्तर वेगळे असते. ठेकेदार फारसे शिकलेले नाहीत, मुकादमाला संगणक येत नाही, गावात नेटवर्क नसते, त्यामुळे हा धंदा मागे राहिला, असे म्हटले जाते. गेल्या दहा वर्षांचा अनुभव या उत्तराला आधार देत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि लहान-मोठ्या ठेकेदारांची विवरणपत्रे ऑनलाइन जाऊ लागली. २०१८ मध्ये ई-वे बिल आले. सिमेंट आणि सळईच्या गाड्या त्यावर धावू लागल्या. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होती, ती ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. गवंड्याच्या आठवड्याच्या पगारातला बराच भाग आज यूपीआयवरून जातो. शेजारच्या अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे जाणकार माणसेही लांब नाहीत. यावर कोणी म्हणेल, की हे सगळे ठेकेदार स्वतः करत नाही; मंचरमधला कर सल्लागार करतो आणि डिजिटल सहीचा टोकन त्याच्याच ड्रॉवरमध्ये पडलेला असतो. हा आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. विवरणपत्र, निविदा, कर ही कामे दुसऱ्याकडे सोपवता येतात, म्हणून ती संगणकावर गेली. खोदाई किती झाली याचे उत्तर सल्लागाराला देता येत नाही. ते साइटवर उभे राहून दोन पक्षांनी कबूल करावे लागते, आणि नेमके तेच होत नाही.

का होत नाही, हे समजायला मंचरच्या बाजार समितीतला व्यवहार आठवावा. माल समोर असतो, तोलला जातो, बोली होते, पट्टी होते. पट्टी कागदावर निघाली काय किंवा मोबाइलवर आली काय, व्यवहारात फरक पडत नाही, कारण विकायची वस्तू आणि तिचे वजन याविषयी वाद उरलेला नसतो. बांधकामात किंमत आधी ठरते आणि वस्तू नंतर तयार होते. अंदाजपत्रकात मुरूम धरलेला असतो आणि खोदताना खडक लागतो. कोणाच्या तरी दारापुढे गटाराची दिशा बदलावी लागते. पाऊस तोंडावर आला की शाखा अभियंता किंवा सरपंच तोंडी सांगतात, ‘करून टाका, कागद नंतर करू.’ ठेकेदार करून टाकतो. मग वाढीव कामाची मंजुरी मागून येते, कधी येतही नाही, आणि वहीतल्या तारखा या मागून आलेल्या कागदांशी जुळवून घेतल्या जातात. प्रत्येक नोंदीवर न बदलणारी वेळ उमटवणारी प्रणाली इथे आणली, तर पहिल्याच महिन्यात मंजुरीआधी झालेली कामे उघडी पडतील. तिघांनाही हे नको असते, आणि तिघेही भ्रष्ट असतात म्हणून नव्हे. कामाला लागणारी सवलत नियमात नसल्यामुळे ती कागदाच्या ढिलाईतून मिळवली जाते. ढिलाईत चोरीलाही जागा मिळते, हे उघड आहे. पण फक्त चोरी बंद करायची म्हणून संगणक आणला, तर त्याबरोबर ही सवलतही बंद होते, आणि मग साइटवरचे लोक प्रणालीला वळसा घालतात.

दुसरे कारण पैशांच्या घड्याळाचे आहे. ठेकेदाराने बिल काढले की कर भरायची तारीख ठरते, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. सिमेंटच्या दुकानदाराचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत, तर त्या खरेदीवर घेतलेली करवजावट व्याजासह परत करावी लागते. दुकानदाराने आपले बिल पोर्टलवर चढवलेच नसेल, तर २०२२ पासून ती वजावट मिळतच नाही. म्हणजे ठेकेदाराच्या देण्याला तीन बाजूंनी तारखा आहेत आणि त्या सगळ्या संगणकावर मोजल्या जातात. त्याच्या येण्याला मात्र अशी तारीख नाही. थकलेल्या बिलांसाठी राज्यभरच्या कंत्राटदार संघटनांना २०२५ मध्ये आंदोलनात उतरावे लागले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत असे २००६ चा कायदा सांगतो. पण बांधकामाचे कंत्राट त्या तरतुदीत बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकापेक्षा अधिक प्रकरणांत म्हटले आहे. अशा स्थितीत बिल मंजूर होण्याची चिन्हे दिसेपर्यंत पक्का कागद न करणे आणि खडीवाल्याचा हिशेब ब्रासच्या चिठ्ठ्यांवर चालू ठेवणे हे अज्ञान नाही, साधा व्यवहार आहे.

‘हे सगळे करचुकवेगिरीचे समर्थन झाले,’ असा आक्षेप येईल, आणि तो टाळून चालणार नाही. कच्च्या पावतीवर येणाऱ्या वाळूचा आणि रॉयल्टीविना निघणाऱ्या मुरमाचा मोठा भाग चुकवेगिरीचाच असतो. राज्याला महाखनिजसारखी वाहतूक-परवान्याची प्रणाली आणावी लागली ती उगाच नाही. पण करचुकवेगिरी हेच एकमेव कारण असते, तर जिथे कर वाचण्यासारखा नाही तिथे व्यवहार स्वच्छ लिहिलेले दिसले असते. खासगी बंगल्याचे मजुरीवरचे काम घ्या. चौरस फुटाचा दर तोंडी ठरतो, उचल फोनवरून जाते, आणि ‘जिन्याखालचे प्लास्टर दरात धरले होते की नव्हते’ हा वाद शेवटी भांडणाने मिटतो. इथेही पैसा इलेक्ट्रॉनिक आणि करार हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश असतात, हे खरे. पण वाद न्यायालयात गेला तर ते पुरावा म्हणून मांडायला प्रमाणपत्र लागते. सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे जुलै २०२० मध्ये ठामपणे सांगितले, ते जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून निघालेल्या खटल्यात. साइटवरून पाठवलेल्या फोटोचा असा उपयोग किती ठेकेदारांना माहीत असेल?

प्रत्येक काम वेगळे, म्हणून बांधकाम संगणकात बसत नाही, हा आणखी एक युक्तिवाद, आणि आकडे वरवर त्याला साथ देतात. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे जगभर बांधकामातली श्रम-उत्पादकता आधीच्या वीस वर्षांत वर्षाला जेमतेम १ टक्क्याने वाढली; एकूण अर्थव्यवस्थेचा आकडा २.८ टक्के होता. त्याच संस्थेने अमेरिकेतल्या उद्योगांची डिजिटल क्रमवारी लावली, तेव्हा बांधकामाच्या खाली फक्त शेती आणि शिकार उरली होती. (आंबेगावच्या बटाटा-कांदा शेतकऱ्याने यावर हसावे की रागवावे, ते त्याने ठरवावे.) तरीही दोन उदाहरणे उलट बोलतात. नागपूर मेट्रोसाठी महामेट्रोने आराखडा, वेळापत्रक आणि खर्च एकत्र जोडणारी फाइव्ह-डी बिम प्रणाली वापरली. मालक एकच होता आणि सगळ्या ठेकेदारांना तीच भाषा बोलावी लागली. दुसरे उदाहरण गावातलेच आहे, प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल. टप्पा पूर्ण झाला की ठिकाणाची नोंद असलेला फोटो चढतो आणि पुढचा हप्ता लाभार्थ्याच्या खात्यावर जातो. इथे मधली वहीसुद्धा संगणकावर गेली, कारण घनमीटर मोजायचे नसतात, फक्त पाया झाला का, छत झाले का, एवढेच पाहायचे असते. या पद्धतीची मर्यादाही तिथेच दिसते. फोटोत पाया दिसतो, त्यातली सळई दिसत नाही. झाकले जाणारे काम झाकण्याआधी मोजले गेले नाही, तर नंतर कितीही चांगले सॉफ्टवेअर आणा, ते अंदाजच लिहून ठेवील. काही खात्यांनी ई-मोजमाप पुस्तक आणले आहे. पण साइटवर कागदावर टिपलेले आकडे महिन्याने कार्यालयात बसून त्यात भरले जात असतील, तर फक्त वहीची जागा बदलली.

म्हणून क्रम महत्त्वाचा. ब्रिटनने सरकारी कामांसाठी बिमची सक्ती २०१६ मध्ये केली. त्याच्या वीस वर्षे आधी, १९९६ मध्ये, तिथल्या संसदेने बांधकाम कंत्राटात टप्प्याटप्प्याने पैसे मिळण्याचा हक्क दिला, ‘वरून आले की देतो’ ही अट सर्वसाधारणपणे बाद केली आणि वादाचा निवाडा २८ दिवसांत मिळण्याची सोय केली. हक्क आधी आला, संगणक नंतर. आपण कर आणि निविदा आधी संगणकावर नेल्या आणि मोजमाप व देणे यांना तारीख लावलीच नाही. ती लावायला नव्या पोर्टलची गरज नाही. झाकण्याआधी दोन्ही पक्षांसमोर संयुक्त मोजमाप, त्याच दिवशी त्याची प्रत ठेकेदाराला, ठरलेल्या दिवसांत हरकत आली नाही तर मोजमाप मान्य, आणि वाढीव कामासाठी लहान रकमेपर्यंत जागच्या जागी लेखी मंजुरी देण्याचा अधिकार, एवढे नियमात आले की त्याला डिजिटल रूप द्यायला लोक स्वतःहून पुढे येतील. तोपर्यंत वाचकांना एक करता येईल. गावातल्या एखाद्या रस्त्याविषयी पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा : मोजमाप कोणत्या तारखेला झाले, तेव्हा ठेकेदार हजर होता का, आणि बिल कोणत्या तारखेला निघाले.