आधी तोट्याचा आकडा ठरवा
लेखमाला : धंद्याची सुरुवात – भाग ६

मागच्या भागात प्रकल्प अहवाल कसा वाचायचा ते पाहिलं. बँकेला तो लागतो, जिल्हा उद्योग केंद्राला लागतो आणि तो नीट करायलाच हवा. पण त्याची एक खोड आहे. पहिल्या वर्षाची विक्री, दुसऱ्या वर्षाची विक्री, नफ्याचं प्रमाण, परतफेडीचा काळ हे सगळं त्यात आकड्यांनी मांडलेलं असतं आणि आकडे एकदा छापून आले की खरे वाटायला लागतात. महिन्याला तीन हजार पाकिटं खपतील असं आपणच लिहितो, आणि दोन महिन्यांनी त्याच आकड्यावर भरवसा ठेवून चौथ्या वर्षाचा नफा मोजत बसतो. तोवर पाकीट एकही भरलेलं नसतं.

अशी वर्षानुवर्षं तयारी करणारी माणसं आळशी नसतात. तीन-तीन ठिकाणांहून मशीनची कोटेशनं आणतात, रविवारी शिबिरांना जातात, नाव ठरवतात, पाकिटाचं डिझाइन करून घेतात. त्यांना अडवतो तो एकच प्रश्न : पैसे बुडाले तर? आणखी थोडी माहिती हाती आली की याचं उत्तर मिळेल, अशी त्यांची समजूत असते. पण माहिती वाढते तशा शंकाही वाढतात, कारण गिऱ्हाईक काय करेल हे कुठल्याही कागदात लिहिलेलं नसतं. म्हणून मला वाटतं, प्रश्नच थोडा फिरवून विचारायला हवा. किती बुडाले तर आपल्याला चालेल? याचं उत्तर घरात बसून, आज संध्याकाळी देता येतं. ते एकदा मिळालं की त्या रकमेत काय सुरू करता येईल एवढंच बघायचं उरतं.

या हिशेबाने पाहिलं तर लिज्जत पापडाची सुरुवात फार शिकवून जाते. ‘सात बायकांनी ऐंशी रुपयांत सुरू केलं’ एवढंच आपण ऐकतो आणि थक्क होऊन पुढे जातो. खरी गंमत त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऐंशी रुपये छगनलाल पारेख यांच्याकडून उसने आणलेले. सगळे त्यांना छगनबापा म्हणत. त्या पैशात त्यांनी तोट्यात चाललेला एक पापडाचा धंदाच ताब्यात घेतला आणि लागणारं सामान भरलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. ऐंशी रुपये गेले असते तर सात घरं उघड्यावर पडली नसती. त्या रकमेचं महत्त्व मला तिच्या लहानपणात वाटतं. लोक तिच्यात चमत्कार शोधतात.

मार्चमध्ये धंदा सुरू झाला आणि जूनमध्ये पाऊस आला. पापड वाळेनात. त्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. आता कुणी म्हणेल, मुंबईत पाऊस पडतो हे काय कुणाला माहीत नव्हतं? माहीत होतंच. पण बंद पडलेल्या चार महिन्यांची झळ सोसल्यावर त्यांनी जो उपाय काढला, तो त्या अनुभवातूनच आलेला आहे. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. कुठल्याही प्रकल्प अहवालात हे यंत्र सापडणार नाही. आणि समजा पावसाची अडचण आधीच ओळखून त्या थांबल्या असत्या, वाळवणाची खोली बांधण्यापुरते पैसे जमेपर्यंत, तर पापड लाटलेच गेले नसते.

दुसरी गोष्ट मालाच्या दर्जाची. सुरुवातीला त्या दोन प्रतींचा पापड करत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात द्यायला. छगनबापांनी सांगितलं, एकच पापड करा, चांगला करा, त्यात तडजोड नको. आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये झाली. मोडलेले पापड शेजारीपाजारी वाटून टाकले. कामाला येणाऱ्या बायका तीन महिन्यांत पंचवीसच्या आसपास झाल्या होत्या. पुढे जागा पुरेना तेव्हा मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून परत आणायचं अशी पद्धत पडली. आज या संस्थेची ओळख म्हणून जी पद्धत सांगितली जाते, तिचा जन्म असा जागेच्या टंचाईतून झाला. 1961 साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. पुढे आगपेट्या आणि अगरबत्त्या करून पाहिल्या, त्याही चालल्या नाहीत. यातलं काहीच संस्थेच्या जिवावर बेतलं नाही, कारण प्रत्येक प्रयोग आवाक्यातला होता.

या वागण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यासही झाला आहे. मूळच्या भारतातल्या आणि आता अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या प्राध्यापक सारस सरस्वती यांनी मोठमोठ्या कंपन्या उभ्या केलेल्या 27 उद्योजकांसमोर एक काल्पनिक उत्पादन ठेवलं आणि ते बाजारात कसं आणाल, हे मोठ्याने विचार करत सांगायला लावलं. त्यावर आधारलेला त्यांचा गाजलेला लेख 2001 साली आला. या मुरलेल्या मंडळींपैकी बहुतेकांचा बाजारपेठेच्या भाकितांवर फारसा विश्वास नव्हता. किती नफा होईल यापेक्षा किती तोटा परवडेल हे ते आधी ठरवत. हाताशी काय आहे, आपण कोण, आपल्या ओळखी कुणाशी, इथून सुरुवात करत. आणि जवळात जवळच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन विकायला बघत. गिरगावच्या गच्चीवर 1959 साली नेमकं हेच झालं होतं.

आता किर्लोस्करांकडे येऊ, कारण लोखंडाच्या धंद्यात ऐंशी रुपयांचं गणित चालत नाही, असा आक्षेप इथे कुणीतरी घेणार. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत बेळगावला त्यांनी सायकलींचं दुकान चालवलं. सायकली विकायच्या आणि चालवायलाही शिकवायच्या. मग दुरुस्ती, मग कडबा कापायचं यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याचा माल विकताना गिऱ्हाईक कळतं, दुरुस्ती करताना यंत्र कळतं, आणि ही दोन्ही कळल्यावर स्वतःचं काही बनवायचं. नांगर बनवले तेव्हाही ते खपेनात. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुरुवातीचे नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. दुकानाचे इतर व्यवहार हाताशी होते म्हणूनच हा काळ निभावला. औंधच्या राजांनी दिलेल्या जमिनीवर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, ती एवढी वाट चालून झाल्यावर.

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण मात्र जपून घ्यावं. विमा पॉलिसी गहाण, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण, आणि त्यातून 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’. ही गोष्ट आपल्याला प्रिय आहे, आणि ती ऐकून सर्वस्व पणाला लावल्याशिवाय धंदा होतच नाही अशी समजूत घेऊन अनेक जण एकतर भलतं धाडस करतात, नाहीतर घाबरून कायमचे मागे राहतात. तिच्यातला एक तुकडा सांगायचा राहून जातो. लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी थेट कथापट न काढता आधी एका रोपाच्या वाढीचं छोटंसं चित्रण केलं. बी रुजून वेल वर चढेपर्यंतची वाढ थोडी थोडी टिपत. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ते ओळखलं जातं. ते पाहिल्यावर पैसे देणारे पुढे आले. जे समजावून पटत नव्हतं ते दाखवून पटलं. घेण्यासारखं आहे ते हे. दागिने गहाण टाकायचा भाग मी कुणालाही सुचवणार नाही.

आजच्या एका धंद्यावर हा हिशेब लावून बघू. समजा कुणाला घरचा कांदा-लसूण मसाला विकायचा आहे. नेहमीचा मार्ग असा : मसाला दळायच्या मशीनची चौकशी, जागा, कर्जाचा अर्ज, अनुदानाची वाट. यात वर्ष सहज जातं. दुसरा मार्ग : ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, खोबरं, गरम मसाला आणायचा, कांदा-लसूण घरी परतायचा आणि दहा किलो मसाला गावातल्या डंक्यावर किलोमागे पैसे देऊन कांडून घ्यायचा. पाव किलोची चाळीस पाकिटं होतील. सगळा खर्च समजा सहा हजार. ही रक्कम पूर्ण गेली तरी घर हलणार नाही, असं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असावं. नवरा-बायको, सासू-सासरे, कमावता मुलगा, ज्याचा पैसा आहे त्या प्रत्येकाला तो आकडा माहीत हवा. मुलांची फी, भविष्यनिर्वाह निधी, शेताचा सातबारा आणि उसनं सोनं यांना हात लावायचा नाही. नोकरी सोडायची नाही.

चाळीस पाकिटांतून काय काय कळेल बघा. आपल्या भागात लोक वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच करून ठेवतात, तेव्हा ऑगस्टमध्ये विकायला निघालात तर फडताळं भरलेली असतात. मग गिऱ्हाईक वेगळं शोधावं लागतं, शहरात एकटी राहणारी मुलं, छोटी खानावळ. कांदा पुरता वाळला नाही तर पावसाळी हवेत मसाला गोळा होतो, बुरशीही धरते. पाव किलोचं पाकीट दोघांच्या घराला मोठं होतं, खानावळीला लहान. यातली एकही गोष्ट मशीनच्या कोटेशनमध्ये नसते, आणि मशीन किती मोठं घ्यायचं हे मात्र याच गोष्टींवर ठरतं.

एक सावधगिरी. ती चाळीस पाकिटं मावशी, आत्या आणि सोसायटीतल्या मैत्रिणींना विकून मोकळं होऊ नका. त्या प्रेमाने घेतात आणि ‘छान झालाय’ म्हणतात. निम्मी तरी पाकिटं अनोळखी माणसाच्या हातात गेली पाहिजेत, पूर्ण किमतीला. आणि पहिल्या विक्रीपेक्षा दुसऱ्यांदा कोण मागायला आलं, हे वहीत लिहून ठेवा.

काही गोष्टी मात्र सुरुवात करायच्या आधीच पक्क्या कराव्या लागतात, तिथे घाई नको. खाण्याची वस्तू विकायची तर घरगुती धंद्यालाही अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी हवी. भागीदार असेल तर कुणी किती घातले आणि तोटा कसा वाटायचा, हे कागदावर हवं. सख्खा भाऊ असला तरी हवं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला हजार-दोन हजार देऊ नयेत. वस्तू आणि सेवा कराची भीती अनेकांना विनाकारण असते : राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आपल्याकडे सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या पुढे गेल्यावर ही नोंदणी बंधनकारक होते, सेवा देणाऱ्याला 20 लाखांच्या पुढे. चाळीस पाकिटांना तो प्रश्न नाही.

आणि ज्या धंद्यात चूक झाली तर माणसाला इजा होते, औषधं, विजेची उपकरणं, लहान मुलांच्या वस्तू, तिथे ‘करून तर बघू’ हा सल्ला लागू नाही. तिथे किर्लोस्करांचा क्रम धरावा. आधी दुसऱ्याचा प्रमाणित माल विका.

महिना संपला की वहीत तीन आकडे हवेत : एका पाकिटाला खरोखर किती खर्च आला (स्वतःच्या मजुरीसकट, ती बहुतेक जण धरत नाहीत), किती पाकिटं अनोळखी माणसांनी घेतली आणि किती जण परत आले. या तीन आकड्यांवर दुसरा महिना ठरवायचा. परत येणारं कुणीच नसेल तर मसाला बदला, किंमत बदला किंवा धंदाच बदला. गेले ते सहा हजार, आणि ते जातील हे आधीच मान्य केलेलं होतं. परत येणारे असतील तर पुढची खेप वीस किलोची, तोट्याचा आकडा पुन्हा घरच्यांसोबत बसून ठरवून.

साधारण याच सुमाराला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला, एखादा किराणा दुकानदार म्हणतो, ‘ताई, दहा पाकिटं ठेवून जा, विकली की पैसे देतो.’ त्याला काय उत्तर द्यायचं आणि उधारीची मर्यादा कशी आखायची, ते पुढच्या आठवड्यात पाहू.