आवाजाला उलट विचारायचे कुणी?

तंत्रज्ञानाने समाजाचे काय होणार, यावरच्या गप्पा हल्ली मोबाइलवर घरबसल्या ऐकता येतात. त्यांना पॉडकास्ट म्हणतात. नोकऱ्या जाणार का, मुलांचे वाचन संपणार का, अशा चर्चा मीही आवडीने ऐकतो. पण डहाणू-तलासरीकडे पाहिले की वाटते, एक साधा प्रश्न त्यांत मागे राहतो. यंत्रातून आलेला आवाज खरा की खोटा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे कसे?

हा मुलूख वारल्यांचा. इथे निरोप पूर्वापार तोंडीच चालत आले. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तेही पाड्यापाड्यांवर पोचलेल्या शब्दावर विश्वास ठेवून. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला त्याच वाटेने एक खोटा निरोप आला : गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला या! हजारो माणसे धावली. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले.

पाऊणशे वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्याला जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. चोर आले, मुले पळवणारे आले, अशा अफवा त्या भागात आधीपासून फिरत होत्या. तोंडी आणि मोबाइलवरूनही. नऊच दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपने, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकालाच पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले होते. बंधन योग्यच होते. पण त्याने अफवेचा वेग कमी होतो, ऐकणाऱ्याची भीती नव्हे.

हे काय अडाण्यांचेच दुखणे आहे? मुळीच नाही. ‘डिजिटल अटके’च्या धमकीला भुलून आयुष्याची पुंजी घालवणाऱ्यांत शहरातले निवृत्त, उच्चशिक्षित लोक आहेत. मी बँकेत होतो तेव्हा अंगठा उठवणारा खातेदार समोर बसून चार वेळा विचारी, मगच शाईला बोट लावी. ते विचारणे हेच त्याचे संरक्षण होते. आता तर ओळखीच्या माणसाचा आवाजही यंत्र हुबेहूब काढते.

यावर तोड आपल्याच घरात सापडते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळे चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत, शंका कळवत. उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा मान होता.

तसेच काही वारली बोलीत व्हायला हवे. आश्रमशाळेत, ग्रामसभेत चार माणसांनी मिळून ऐकावे आणि बोलणाऱ्याला उलट विचारावे. फोन पाड्यावर पोचला आहे. शंका घेण्याची सवय त्याच्यासोबत पोचवायची राहिली आहे, आणि ती आपल्या घरापासूनच सुरू करावी लागेल.