खडेबाजारातले काका

बेळगावात शिकलेल्या माझ्या वयाच्या माणसाला विचारा, इंटरव्ह्यूचा शर्ट कुठून घेतला होता? खडेबाजारातल्या एका छोट्या कापड दुकानाची खूण तो हमखास सांगेल. मालकांना आम्ही नुसतं काका म्हणायचो. गेल्या महिन्यात ते गेले.

1988 साली मी खानापूरहून रोज आरपीडी कॉलेजला यायचो. पुण्याहून नोकरीसाठी बोलावणं आलं, तेव्हा खिशात शिलाईपुरतेच पैसे होते. मला चौकडीचं कापड आवडलं होतं. काका म्हणाले, "ते कॉलेजात घाल की. सायबासमोर साधं निळंच बरं." गजानं मोजून शर्टाला एक साठ, पँटला एक वीस मीटर कापलं आणि रक्कम वहीत मांडली. "शर्टाचं सुती हाय. रात्रभर पाण्यात ठेव, मगच शिंप्याकडं दे. नाहीतर पहिल्याच धुण्याला बाही वर चढेल."

पहिल्या पगारातले पैसे घेऊन गेलो. मनात होतं, काका नको म्हणतील. सिनेमात म्हणतात ना! त्यांनी दोनदा मोजून घेतले, नावावर रेघ मारली. माझा चेहरा बघून म्हणाले, "फुकट दिलं असतं तर परत दुकानाची पायरी चढला असतास काय?"

चढत राहिलो. लग्नाचे कपडे, आईसाठी शहापूरच्या मागावरची लुगडी, मुलाच्या बारशाचं झबलं, सगळं तिथूनच.

परवा भेटायला गेलो. मुलानं आता रेडीमेड ठेवलंय. गज मात्र गल्ल्यामागं टांगलेला आहे. मी एक निळा शर्ट घेतला. त्यानं किंमत सांगितली, मी मोजून दिली.